उंची १४६ सेंमी, वजन ४३ किलो. इलेक्ट्रिक सायकल रेडीमेड घेऊ की घरच्या सायकलला किट बसवू?

गोडोलीकर

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी साताऱ्याची, वय ४७, उंची ४ फूट साडेनऊ इंच, वजन ४३. घर गोडोलीत आणि शाळा राजवाड्याकडे, म्हणजे सकाळी जाताना चढ आणि दुपारी येताना उतार. जाऊन येऊन आठ किलोमीटरच्या आसपास. रिक्षाला रोज पैसे घालून कंटाळले आणि स्कूटर माझ्याच्याने होत नाही. दोनदा शिकले. दुसऱ्या वेळी पोवई नाक्यावर थांबताना डावा पाय टेकवायला गेले तर नुसता अंगठा टेकला, शंभर किलोचं धूड कलंडलं आणि त्याच्याखाली मी. लोकांनी उचललं, गुडघा महिनाभर सुजलेला होता, त्यानंतर स्कूटर नवऱ्याकडे.

सायकल मात्र मला शाळेत असल्यापासून येते. म्हणून म्हटलं इलेक्ट्रिक सायकल घ्यावी, लायसन्स नको पासिंग नको. मागच्या रविवारी पुण्याला भावाकडे गेले होते तेव्हा दोन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात साडेसत्तावीसच्या चाकाची सायकल काढली, सीट पार खाली केली तरी माझे दोन्ही पाय हवेत, आणि मधल्या दांड्यावरून पाय टाकताना ड्रेस फाटता फाटता वाचला. दुसऱ्या दुकानातला मुलगा म्हणाला, काकू तुम्ही जरा हील्सच्या चपला घालून चालवा ना. मी त्याला म्हटलं, बाळा, मग शाळेत फळ्यावर लिहायलाही सोपं जाईल.

आता प्रश्न असा की जिन्याखाली मुलीची २४ इंची लेडीज सायकल पडून आहे, लोखंडी, बिनगिअरची, तिला नववीत घेतलेली. ती मला बरोबर बसते. तिलाच मोटर बसवता येईल का, की बुटक्या माणसांसाठी रेडीमेड काही मिळतं? मला वॅट व्होल्ट काही कळत नाही तेव्हा सोपं करून सांगा.

रिमवाला_नाना

ताई, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, "ती मला बरोबर बसते". मोटर कुठल्याही सायकलला बसवता येते हो, पण न बसणारी सायकल कितीही मोटर लावली तरी बसत नाही. मी पुण्यात हौस म्हणून किटं बसवतो, आतापर्यंत वीसेक झाली असतील, त्यात चार सायकली तुमच्या उंचीच्या बायकांच्या होत्या.

आधी एक माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं धरा, सीटवर बसल्यासारखं जरा वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. उंची नाही, हे माप महत्त्वाचं. दोन माणसं १४६ सेंमीची असली तरी एकाचे पाय लांब असतात एकाचे आखूड.

मग सायकलची तीन मापं. एक, सीट सगळ्यात खाली केल्यावर जमिनीपासून सीटच्या वरच्या भागापर्यंत किती. दोन, पुढच्या चिमट्याच्या दोन पायांच्या मधलं अंतर, म्हणजे चाकाचा एक्सल जिथे अडकतो तिथे आतून आतून. तीन, तसंच मागे. ही शेवटची दोन मापं का तर बाजारात मिळणाऱ्या हब मोटरींना, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या मोटरींना, पुढे १०० मिमी आणि मागे १३५ मिमी जागा लागते. लोक मोटर आधी मागवतात आणि मग सायकल घेऊन माझ्याकडे येतात, नाना हे जरा फाकवून द्या. लोखंड चार-पाच मिमी फाकतं, पंचवीस मिमी फाकवलं तर फ्रेमची वाट लागते आणि चेन वाकडी पळते.

ऑरेंजसिटी_६१

किटच्या भानगडीत पडू नका असा माझा स्पष्ट सल्ला.

नियम आधी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २(यू) मध्ये लिहिलंय, मोटर पाव किलोवॅटपेक्षा म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी, पेडल असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मिळणारी मोटरची मदत, २५ च्या स्पीडला तुटली पाहिजे, तर ते मोटार वाहन धरत नाहीत. पण त्याला जोडून हेही आहे की मान्यताप्राप्त संस्थेने ते मॉडेल तपासलेलं हवं, तुमच्या पुण्यातली एआरएआय त्यातलीच एक. घरी किट बसवलेली सायकल कोणी तपासली? कोणी नाही. उद्या कुणाला धक्का लागला तर काय सांगणार.

आणि दुसरं, मी स्वतः पोळलोय. ४ वर्षांपूर्वी जुन्या सायकलला किट बसवलं, बॅटरी एका दुकानातून स्वस्तात घेतली, वर चकचकीत निळं प्लास्टिक होतं. नागपूरचा मे महिना, व्हरांड्यात चार्जिंगला लावून झोपलो, सकाळी बघतो तर पॅक फुगून पिशवीतून बाहेर आलेला. पेटला नाही हे नशीब. नंतर उघडून पाहिला तर आत जुन्या लॅपटॉपचे सेल, वेगवेगळ्या रंगाचे. त्यानंतर रेडीमेड घेतली, हिरो लेक्ट्रोची, वॉरंटी कार्ड हातात. माझी उंची ५ फूट ८ आहे म्हणून मला बसली हे मान्य.

रिमवाला_नाना

@ऑरेंजसिटी काका, नियमाचं तुमचं बरोबर आहे, मी नाकारत नाही. म्हणून तर ५०० आणि ७५० वॅटची किटं बसवायला मी सरळ नाही म्हणतो, लोक रागावतात. बॅटरीचं पण शंभर टक्के बरोबर. बॅटरी बिलासकट घ्यायची, आत बीएमएस, म्हणजे सेलना जपणारं सर्किट, आहे का विचारायचं, ३६ व्होल्टचा लिथियम पॅक असेल तर चार्जरवर ४२ व्होल्ट लिहिलेलं असतं ते बघायचं, आणि झोपताना चार्जिंगला लावायचं नाही. हे रेडीमेडलाही लागू आहे बरं का.

पण काका, रेडीमेडवाले बनवतात कुणासाठी? तुमच्या ५ फूट ८ साठी. ताईंना दुकानात मिळालं काय, तर हील्स घाला.

दोन_चाकं_पुरे

थ्रॉटलवाली, म्हणजे स्कूटरसारखी हँडलवरून चालणारी, घ्या ताई, पेडल मारायची गरजच नाही, मग सीट किती खाली वर याने काय फरक पडतो. पाय नुसते ठेवायचे.

आइंडहोवनची_मावशी

माझी उंची १४९, आणि राहते त्या देशात जिथे दुकानदार स्वतः सहा फुटी. पहिल्यांदा सायकल घ्यायला गेले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न बोलता मुलांच्या विभागाकडे बोट दाखवलं. तेव्हा अपमान वाटला, आता वाटतं बरोबर सांगत होता. २४ इंची घेतली, चार वर्षं चालवली, पुढे २० इंची चाकाची इलेक्ट्रिक घेतली. चाकं लहान, सीटची आणि हँडलची नळी लांब, त्यामुळे मी पण चालवते आणि ६ फुटी नवरा पण. इथे अशा बऱ्याच मिळतात, भारतात घडीच्या २० इंची इलेक्ट्रिक दिसतात त्या साधारण त्याच बांध्याच्या. पुण्याच्याच ईमोटोराडची डूडल आहे ना, ती २० इंची घडीची. पण टायर जाड आहेत, घेण्याआधी दुकानात एकदा उचलून बघा, पायरी चढवता येते का ते.

@दोन_चाकं_पुरे, चालताना फरक नाही पडत हो, थांबताना पडतो. ताई पडल्या त्या थांबताना पडल्या.

आणि ताई, मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सायकलचा नाही, उतरायच्या पद्धतीचा. आपण बुटकी माणसं सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत हा हट्ट धरतो, त्यासाठी सीट इतकी खाली घेतो की पेडल मारताना गुडघे हनुवटीला लागतात आणि मग गुडघेदुखी. इथे पाच वर्षांची पोरं बघून शिकले. ब्रेक दाबायचा, सायकल थांबत आली की उजवं पेडल खाली ठेवून त्यावर उभं राहायचं, बूड सीटवरून पुढे सरकवायचं आणि डावा पाय जमिनीवर. सीटच्या पुढे उतरायचं, सीटवर बसून राहायचं नाही. म्हणून लेडीज फ्रेम हवी, पुढे दांडा नाही. निघताना उलटं, उजवं पेडल घड्याळातल्या दोनच्या काट्यावर आणायचं आणि त्यावर उभं राहूनच निघायचं. माझ्या पहिल्या सायकलला पेडल मागे फिरवलं की ब्रेक लागायचा, त्यामुळे ते दोनच्या काट्यावर आणताच यायचं नाही, सिग्नलला मागचे लोक घंटा वाजवायचे. तुमच्याकडे ती भानगड नाही.

इलेक्ट्रिकमध्ये एक जास्तीची काळजी, सिग्नलला उभं असताना पेडलवर पाय चाळवला तर स्वस्तातली मोटर झटका देते. वजन कमी असलं की तो झटका जास्त जाणवतो. थांबल्यावर ब्रेकवर बोट ठेवूनच उभं राहायचं.

गोडोलीकर

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी. मोजमाप झालं. पुस्तक म्हणून चौथीचं परिसर अभ्यास लावलं, ते मऊ निघालं, मग नवऱ्याची बँकेची जुनी फाइल. तो टेप धरून खाली बसलेला आणि तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, आता कॉलनीत काय काय पसरेल देव जाणे.

पायाचं माप ६५ सेंमी. मुलीच्या सायकलची सीट पूर्ण खाली केली की जमिनीपासून ७२. पुढच्या चिमट्यात आतून ९८ मिमी भरतंय, मागे ११८. चिमटा लोखंडीच आहे, चुंबक चिकटवून बघितलं. मागे कॅरिअर आहे, चेनकव्हर पूर्ण आहे आणि ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी पण आहे.

आज मावशींनी सांगितलं तसं मैदानावर पुढे उतरायचा प्रयत्न केला, सहा-सात वेळा केल्यावर जमलं. इतकी वर्षं सायकल चालवतेय पण असं कोणी सांगितलंच नव्हतं. नाना, या मापांत बसतं का काही?

रिमवाला_नाना

बसतं. पुढे ९८ म्हणजे दोन मिमी हाताने फाकतं, काळजी नाही. मागे ११८ ला १३५ ची मोटर घालायची नाही, विषय संपला. म्हणजे पुढच्या चाकात मोटर, २५० वॅट, ३६ व्होल्ट, आतून गिअरवाली घ्या, ती अडीच-तीन किलोची असते आणि बंद असताना चाक मोकळं फिरतं. बिनगिअरच्या मोटरी जड येतात, त्यांच्या नादी लागू नका.

मोटरचा एक्सल जाड असतो, चिमट्याच्या खाचेत बसवायला थोडी कानस मारावी लागेल. दोन्ही बाजूंनी सारखी मारायला सांगा नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि टॉर्क आर्म बसवलाच पाहिजे, ती एक पट्टी असते, एक्सलला धरून चिमट्याला बांधतात. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा एक्सल उलट्या दिशेने फिरायला बघतो, पट्टी नसेल तर एक दिवस खाच रुंद होऊन चाक निसटतं. आणि ज्यांच्या सायकलला शॉकअपवाला किंवा ॲल्युमिनियमचा चिमटा आहे त्यांनी पुढे मोटर बसवूच नये. ताईंनी चुंबक लावून बघितलं हे वाचून मला फार आनंद झाला.

चाक विणायचं काम मात्र जाणत्या माणसाकडे द्या. मोटरचा हब मोठा आणि रिम २४ ची, म्हणजे तारा आखूड लागतात, नेहमीच्या तारा घालून कोणी जास्तीचं टोक कापत असेल तर सायकल उचलून घरी न्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यायची.

बॅटरी. इथे दुकानदार तुम्हाला मोठी विकायला बघणार. तुम्हाला आठ किलोमीटर जायचंय. किलोमीटरला १० ते १५ वॉटअवर (बॅटरीतली वीज मोजायचं माप) धरा, तुमचं वजन आणि चढ दोन्ही हिशोबात घेऊन. म्हणजे रोजचे सव्वाशेच्या आत. ३६ व्होल्ट ७ अँपिअरअवरचा पॅक म्हणजे २५२ वॉटअवर, दोन दिवस आरामात. वजन दोन किलोच्या आत. पिशवीतून शाळेत नेता येईल, उन्हात सायकलवर ठेवायची गरज नाही. ६० किलोमीटर रेंज वाचून लोक चार किलोची बॅटरी घेतात आणि जन्मभर ती वाहतात. ४३ किलोच्या माणसाला चार किलो म्हणजे किती ते तुम्हीच हिशोब करा.

लेडीज फ्रेममध्ये मध्ये जागा नसते, बॅटरी कॅरिअरवर जाईल. त्याचा एक तोटा प्रामाणिकपणे सांगतो. तुमचं वजन कमी, तुम्ही मागे बसणार, बॅटरी पण मागे, म्हणजे चढावर पुढच्या चाकावर भार कमी आणि ओढणारं चाक तेच. पावसात ओल्या चढावर मोटर एकदम दिली तर पुढचं चाक जागच्या जागी फिरतं. त्यामुळे डबा आणि वह्या पुढच्या बास्केटमध्ये, आणि चढाला असिस्ट एकच्या लेव्हलवर. हे पटत नसेल तर दुसरा रस्ता, जुनी २० इंची घडीची सायकल, मागे गिअर असलेली. तिचं मागचं अंतर १३५ च्या जवळ असतं आणि मोटर मागे बसते. फक्त घडीच्या सायकलींत काहींचा पुढचा चिमटा ७४ मिमीचाच असतो, तिथे पुढे मोटर विसरा. २० इंचाला अजून एक गंमत आहे, २६ इंचासाठी वाइंड केलेली मोटर २० च्या रिमवर विणली की २५ ऐवजी १८ च्या आसपासच पळते, पण चढाला तेवढीच जोर धरते. साताऱ्याला १८ पुरे की हो.

पाय. तुमच्या ६५ च्या मापाला पेडलच्या मधल्या एक्सलपासून सीटपर्यंत साधारण ५७ सेंमी आलं तर गुडघ्याला बरं, म्हणजे जमिनीपासून ८२ च्या आसपास. आत्ता ७२ आहे. आठवड्याला एक बोट वर घेत चला, पुढे उतरायचं जमलंय तर भीती नाही. अगदी ८२ ला नाही गेलात तरी चालेल, मोटर आहे मदतीला. आणि क्रँक, म्हणजे पेडल ज्या दांडीला असतं ती. मोठ्यांच्या सायकलला १७० मिमीचा असतो, तुमच्या सायकलला किती ते मोजा, १५२ किंवा १४० मिळाला तर बदला. तीन सेंमी आखूड क्रँक म्हणजे पेडल वर आल्यावर गुडघा तीन सेंमी कमी उचलावा लागतो, सीट खाली ठेवली तरी छातीपर्यंत येत नाही.

हो, एक राहिलं. किटबरोबर येणारे ब्रेकचे लिव्हर मोठ्या पंजाच्या हिशोबाने असतात. लिव्हरला आतल्या बाजूला बारीक स्क्रू असतो, तो पिळून लिव्हर हँडलजवळ आणून घ्या. तसा स्क्रू नसेल तर जुनेच लिव्हर ठेवा आणि केबलवर बसणारा कटऑफ सेन्सर मागवा. ब्रेक दाबल्यावर मोटर बंद झालीच पाहिजे, ते चाक हवेत उचलून स्वतः तपासा.

ऑरेंजसिटी_६१

नाना, चाक चिमट्यातून निसटलं तर? मी परत सांगतो, ताई, २० इंची रेडीमेड आधी चालवून बघा. टेप घेऊन जा दुकानात, ७२ च्या खाली सीट येते का बघा. येत असेल तर माझं ऐका, नसेल तर नानांचं.

रिमवाला_नाना

हे मात्र मान्य काका. रेडीमेड बसली तर माझ्याकडे येऊच नका.

गोडोलीकर

काल शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पुण्याला जाऊन आले. काका, टेप घेऊन गेले होते. २० इंची घडीची दोन पाहिल्या. एकीची सीट ७६ वर अडली, खाली नळी फ्रेमला लागते. दुसरीची ७१ वर आली, बसले, चालवली, खूप छान, चढावर तर मी हसतच होते एकटी. पण उतरून दुकानाची एक पायरी चढवायला गेले तर उचललीच नाही, पोराने हात लावला तेव्हा चढली. आमच्या घराला रस्त्यापासून चार पायऱ्या आहेत आणि सायकल बाहेर ठेवली तर सकाळी राहील याची खात्री नाही.

मुलीची सायकल मात्र मी एका हाताने जिन्याखालून काढते.

म्हणून तीच. नाना, ७ अँपिअरअवरची बॅटरी बिलासकट कुठे बघायची ते व्यक्तिगत निरोपात कळवा. इथला चाक विणणारा म्हणतो टॉर्क आर्म काय असतं ते माहीत नाही, पण चित्र दाखवलं तर पट्टी बनवून देईन. क्रँक मोजला, १६५ निघाला. तो कॉटरपिनवाला आहे, म्हणजे एक्सलला आडव्या पिनने अडकवलेला, पिन गंजलीय, हातोडी मारून मारून नवरा थकला. आखूड क्रँक कॉटरपिनचाच मिळतो की आतला एक्सल पण बदलावा लागेल?

रिमवाला_नाना

कॉटरपिनचा एवढा आखूड मिळणार नाही, कॉटरलेसचा, म्हणजे बिनपिनचा, एक्सल टाकून घ्या, कप तेच चालतात का ते मिस्त्री बघेल. पिनला रात्रभर रॉकेल लावून ठेवा, आणि मारताना क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकू द्या, नाहीतर हातोडीचा सगळा मार बेअरिंगवर जातो. पट्टी बनवणार असेल तर ५ मिमी जाड पोलाद सांगा, पत्र्याची नको. फोटो टाका इथे, मग कानस मारू दे त्याला.